एका घरातील चार दुचाकी आणि त्यांचा विमा

बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या घरी चार दुचाकी आहेत. वडिलांची २००९ सालची स्प्लेंडर, पत्नीच्या नावावरची २०१६ ची ॲक्टिव्हा, २०२२ च्या दसऱ्याला मी घेतलेली क्लासिक ३५० बुलेट आणि मुलाच्या कॉलेजसाठी चंदगडच्या मावसभावाकडून विकत घेतलेली एमएच-०९ पासिंगची पल्सर १५०. २०२४ च्या उन्हाळ्यात वडील गेले, त्याच सुमारास पल्सरही घरात आली, आणि चारही गाड्यांचा विमा कमीत कमी खर्चात, पण कायद्याला आणि दाव्याला टिकेल अशा रीतीने बसवण्याचे काम माझ्याकडे आले. ते कसे पार पडले, कुठे पैसे वाचले आणि कुठे वाचवणे मला योग्य वाटले नाही, हे येथे सविस्तर मांडत आहे.

सुरुवात मी आमच्या नेहमीच्या एजंटापासून केली. त्याने कागद न पाहताच सांगितले, "काय ओ, चारही गाड्या फुल करून टाकूया की, एकदाच कटकट मिटते." दुसऱ्या दिवशी त्याने जो हिशेब पाठवला तो आठ हजारांच्या वर होता. रक्कम अवाजवी होती असे नाही, परंतु तीत कोणत्या गाडीसाठी काय घेतले आहे याचा काहीच खुलासा नव्हता. म्हणून मी प्रत्येक गाडीचा तपशील वेगळा मागितला आणि तो एका वहीत उतरवून घेतला. पुढे जी काही बचत झाली, ती या वहीमुळेच झाली.

पहिली गोष्ट लगेच लक्षात आली. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्यासाठी दहा ठिकाणी भाव विचारत फिरण्यात काही अर्थ नाही, कारण त्याचे दर केंद्र सरकार ठरवते आणि ते सर्व कंपन्यांना सारखेच लागू असतात. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये पडतात, व त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पल्सर १५० चे इंजिन १४९.५ सीसीचे असल्यामुळे ती ७१४ च्या गटात राहते, आणि बुलेटही साडेतीनशेच्या किंचित आतच असल्यामुळे वरच्या, दुपटीच्या गटात जात नाही. गाडी पसंत करताना इंजिनाचा हा आकडा कोणी विमा डोळ्यांपुढे ठेवून पाहत नाही. मीही पाहिला नव्हता. मात्र शेजारच्या मुलाने नुकतीच ४११ सीसीची गाडी घेतली आहे, आणि त्याला थर्ड पार्टीपोटीच वर्षाच्या दराने करासह तेहतीसशे रुपये पडतात.

नव्या दुचाकीला १ सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, आणि एकरकमी घेतल्याने तो स्वस्त पडतो असा सर्वसाधारण समज आहे. बुलेटची पावती काढून पाहिली तेव्हा पाच वर्षांचे ७,३६५ रुपये लावलेले दिसले. वर्षाच्या दराची पाचपट ६,८३० होते. म्हणजे सवलत अशी काही नाही, फक्त मधल्या काळात दर वाढले तर त्याची झळ आपल्याला बसत नाही, एवढेच. असो. बुलेटचा हा भाग २०२७ पर्यंत भरलेला होता, आणि पल्सर मूळ मालकाने डिसेंबर २०२० मध्ये नवी घेतलेली असल्यामुळे तिचाही थर्ड पार्टी विमा डिसेंबर २०२५ पर्यंत चालू होता. या दोन्ही गाड्यांना केवळ स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ज्याला एजंट लोक ओडी म्हणतात तो विमा हवा होता.

खरी अनावश्यक भर मला मालकाच्या अपघात विम्यात आढळली. गाडीच्या मालकाला पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असणे सक्तीचे आहे, आणि आमच्या एजंटाने ते चारही पावत्यांत प्रत्येकी साडेतीनशे रुपयांप्रमाणे लावले होते. वास्तविक हे संरक्षण मालकाचे असते, गाडीचे नव्हे. एका माणसाच्या नावावर कितीही गाड्या असल्या तरी ते एकदाच घ्यावे लागते, आणि जानेवारी २०१९ पासून ते गाडीच्या पॉलिसीपासून वेगळे, स्वतंत्रपणेही घेता येते. स्प्लेंडर, बुलेट आणि पल्सर या तिन्ही माझ्या नावावर असणार होत्या, म्हणून मी एक स्वतंत्र पॉलिसी घेतली व तिन्ही पावत्यांतून ती रक्कम काढून टाकण्यास सांगितले. यासाठी कंपनीला आपल्याकडे असे संरक्षण असल्याचे लेखी द्यावे लागते. पॉलिसीचा क्रमांक असलेले साधे घोषणापत्र पुरते. ॲक्टिव्हा पत्नीच्या नावावर आहे आणि तिच्याकडे स्वतःचा परवाना आहे, त्यामुळे तिचे संरक्षण वेगळे घेतले. मालकाकडे परवानाच नसेल तर हे संरक्षण लागू होत नाही, हेही त्या निमित्ताने समजले. आमच्याकडे कित्येक घरांत स्कूटर आईच्या किंवा आजीच्या नावावर असते आणि चालवतात मात्र मुले. तेथे ही रक्कम भरण्यापूर्वी अवश्य विचारावे.

याच मुद्द्याची दुसरी बाजू मात्र मला अस्वस्थ करणारी होती. पल्सर माझ्या नावावर आणि चालवणार मुलगा. मालकासाठीचे पंधरा लाख फक्त मालकाला स्वतःला झालेल्या अपघातासाठीच मिळतात. मुलाला अपघात झाला तर त्यातून काहीच मिळणार नाही. म्हणून त्याच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू केली, जिचा वर्षाचा हप्ता वीस रुपये व संरक्षण दोन लाखांचे आहे, आणि त्याशिवाय त्याच्या नावे एक वेगळी अपघात पॉलिसीही घेतली. ती रक्कम मी गाड्यांच्या हिशेबात धरलेली नाही.

स्प्लेंडरचे काम सर्वांत किचकट होते. वडिलांच्या नावावरची पॉलिसी ऑगस्टमध्ये संपणार होती. विमाधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. ती तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालू राहते. आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, माझ्या नावावर झाल्याशिवाय कंपनी माझ्या नावाने पॉलिसी देईना, आणि चालू विमा असल्याशिवाय आरसी माझ्या नावावर होणार नव्हती, म्हणून या तीन महिन्यांच्या आतच सर्व काही उरकणे भाग होते. वारसाहक्काने गाडी नावावर करण्यासाठी नमुना ३१ असतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला, आई व बहिणीचे नोटरी केलेले संमतिपत्र, पीयूसी आणि चालू विमा जोडावा लागला. आमच्या सीमाभागात अशा कामात नेहमी येणारी अडचण येथेही आली. मृत्यूचा दाखला कन्नडमध्ये, आधारवरचे नाव एका पद्धतीच्या इंग्रजी अक्षरांत आणि आरसीवरचे दुसऱ्या पद्धतीच्या. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच तयार ठेवल्यामुळे खिडकीवरून परतावे लागले नाही. नोव्हेंबरमध्ये गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होत होती, त्यामुळे पाठोपाठ नोंदणीचे नूतनीकरणही करून घेतले. नोंदणीची मुदत संपलेली असेल तर विम्याची पावती हातात असूनही दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो.

एवढ्या जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरेसा आहे असे कोणीही सांगेल. माझाही प्रारंभी तोच विचार होता. गाडीची किंमत फार तर अठरा हजार, तिच्यासाठी ओडी कशाला? परंतु त्या गाडीवर मागे कोणीतरी बसलेले असते. आई बाजाराला जाते, कामावरचा माणूस येळ्ळूरच्या शेतावर जातो. आणि मागे बसलेल्या व्यक्तीविषयी कायद्याची स्थिती अशी आहे की, केवळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तिची जबाबदारी कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तसा निर्णय दिलेला आहे. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र असलेला, बोलीभाषेतला फुल इन्शुरन्स असेल, तर मात्र मागे बसणाऱ्याचीही जबाबदारी कंपनी घेते, आणि विमा नियामकाने २००९ मध्ये हे कंपन्यांना स्पष्ट कळवलेले आहे. म्हणजे स्प्लेंडरला फुल इन्शुरन्स घ्यायचा तो गाडीसाठी नव्हे, तर मागच्या सीटसाठी. गाडीची किंमत कमी असल्यामुळे ओडीचा भागही जेमतेम सव्वातीनशे रुपयांचा होता. पंधरा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स देण्यास दोन कंपन्यांनी नकार दिला. शेवटी एका सरकारी कंपनीने गाडी प्रत्यक्ष पाहून, चासिस नंबरचा पेन्सिलीने उतरवलेला ठसा व चारही बाजूंचे फोटो घेऊन पॉलिसी दिली. करासह १,२२६ रुपये झाले. माझ्या मते चारही पावत्यांत सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच आहे.

याच कंपनीच्या कचेरीत मला आणखी एक सवलत सुचवण्यात आली. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखापर्यंतचे संरक्षण असते. ते सहा हजारांपर्यंत खाली आणल्यास पन्नास रुपये कमी होतात. आजच्या काळात एखाद्या मोटारीचा पुढचा दिवा व बंपर बदलायचा म्हटले तरी सहा हजारांत भागत नाही. ही सवलत मी नाकारली. एजंट आपणहून ती लावून मोकळे होतात, असे नंतर दोघांकडून ऐकले, म्हणून पावतीवरील हा रकाना तपासून घ्यावा.

पल्सरच्या बाबतीत सीमेचा प्रश्न होता. विमा देशभर चालतो. गाडी चंदगडची असो की चिक्कोडीची, शिनोळीचा नाका ओलांडल्याने पॉलिसीला काही होत नाही. पण गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ वरील ना हरकत, त्यानंतर कर्नाटकाचा आजीवन कर आणि मग केए-२२ क्रमांक, असा क्रम आहे. विम्यापुरते सांगायचे तर, गाडी विकली गेल्यावर थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, मात्र चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यावा लागतो. ओडीचा भाग आपोआप येत नाही, आणि मूळ मालकाची नो क्लेम सवलत, म्हणजे एनसीबी, तर मुळीच येत नाही. ती त्याची असते. मावसभावाने ती आपल्या नव्या गाडीसाठी वापरली. नवा क्रमांक मिळाल्यावर तो पॉलिसीवर चढवून घेणेही आवश्यक असते.

सुदैवाने माझी स्वतःची एनसीबी शिल्लक होती. २०२३ मध्ये मी माझी जुनी मोटारसायकल विकली, तेव्हा तिच्यावर पाच वर्षे एकही दावा नसल्यामुळे पन्नास टक्के सवलत जमा होती, आणि विक्रीच्या वेळी मी कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेऊन ठेवले होते. हे प्रमाणपत्र तीन वर्षे वापरता येते. पल्सरचा ओडी ९२२ रुपये येत होता, तो निम्म्यावर, ४६१ वर आला. दावा नसेल तर पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी ही सवलत चढत जाते. ती फक्त ओडीवर मिळते आणि पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण न झाल्यास ती पूर्णपणे जाते.

ही सवलत जपण्यासाठी कधी दावा न करणेच फायद्याचे ठरते, याचा प्रत्यय पुढच्याच पावसाळ्यात आला. चोर्ला घाटात निसरड्या वळणावर मुलगा पल्सरसह घसरला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. गाडीचा आरसा, उजवीकडचे दोन्ही इंडिकेटर, पुढचे मडगार्ड आणि टाकीच्या बाजूचे पॅनेल फुटले होते. खानापूर रोडवरील गॅरेजवाल्याने २,३०० रुपयांचा अंदाज लिहून दिला. जवळजवळ सर्व भाग प्लास्टिकचे, आणि प्लास्टिक व रबराच्या भागांवर कंपनी सरसकट पन्नास टक्के घसारा कापते. त्यातून दुचाकीचे सक्तीचे शंभर रुपये वजा होतात. म्हणजे हातात हजाराच्या आसपास येणार होते, आणि दावा केला तर पन्नास टक्क्यांची सवलत शून्यावर येऊन पुन्हा वीसपासून चढणार होती. पुढील चार वर्षांचा फरक मी वहीत मांडून पाहिला, तो तेवढाच, हजाराच्या घरात भरला. दुरुस्ती आम्ही खिशातून केली. त्याऐवजी सायलेन्सर, चाक किंवा पुढचा शॉकॲब्सॉर्बर गेला असता तर मात्र मी दावा केला असता.

बुलेटसाठी भाव मागवताना एक निराळीच गंमत दिसली. एका कंपनीने ओडीचे १,१५० रुपये सांगितले, दुसरीने १,४००. पहिलीची स्वस्ताई कागद नीट वाचेपर्यंतच टिकली. तिने गाडीची विमा किंमत, आयडीव्ही, १,०५,००० धरली होती आणि दुसरीने १,३६,०००. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर जाऊन ती भंगारात धरली गेली, तर मिळणारी रक्कम हीच. अडीचशे रुपयांसाठी मी एकतीस हजार सोडणार होतो. पहिल्या कंपनीला १,३६,००० वर भाव द्यायला सांगितला तेव्हा तिचा आकडा १,४९० वर गेला. त्यानंतर मी सर्वांना आधी आयडीव्ही सांगू लागलो आणि मग भाव विचारू लागलो.

बुलेटला झिरो डेप, म्हणजे दाव्यात भागांवरचा घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, घेतले, त्याचे पाचशे रुपये जास्त पडले. खरे तर झिरो डेपची गरज ॲक्टिव्हाला अधिक, कारण तिचे अंगच प्लास्टिकचे. पण आठ वर्षांच्या गाडीला ते कोणी देत नाही. इंजिनासाठीचे जादा संरक्षण मी विचारांती वगळले. पुराचे पाणी शिरून झालेले नुकसान ओडीत येते, पण पाण्यात बुडालेली गाडी तशीच चालू करून इंजिन जाम झाले तर कंपनी ते परिणामी नुकसान म्हणून नाकारते, आणि त्यासाठी ही जोडसुविधा असते. ऑगस्ट २०१९ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर वेदगंगेचे पाणी आले होते. नदीकाठच्या गावातील माणसाने ही जोडसुविधा घ्यावी असे मी म्हणेन. आमच्या गल्लीत पाणी साचत नाही, आणि बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही हे घरात सर्वांना बजावलेले आहे.

पुण्यात राहणाऱ्या भाच्याने, गाडी बेळगावची असल्यामुळे तुम्हाला विमा फार स्वस्त पडत असेल, असे सुचवले होते. जुन्या दरपत्रकात पुणे, बेंगळूर, मुंबई यांसारखी आठ शहरे अ विभागात आणि उर्वरित देश ब विभागात आहे, हे खरे. पण दीडशे सीसीपर्यंतच्या व पाच वर्षांच्या आतील गाडीला तेथे १.७०८ टक्के आणि येथे १.६७६ टक्के. साठ हजारांच्या गाडीवर फरक एकोणीस रुपयांचा. शिवाय २००७ पासून ओडीचे दर मोकळे झाले असल्यामुळे कंपन्या त्यावर आपापल्या मर्जीने सूट देतात, त्यात हा फरक कुठल्याकुठे विरून जातो.

सर्व गाड्या एकाच पॉलिसीत बसवण्याचीही चौकशी केली. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी फ्लोटर स्वरूपाची सोय देण्यास कंपन्यांना परवानगी दिली आहे. मी विचारलेल्या कचेऱ्यांत ती कोणी देत नव्हते. मिळाली असती तरी पत्नीची ॲक्टिव्हा तीत आली नसती. चारही पॉलिसींच्या तारखा एकाच महिन्यात आणण्याचा विचारही सोडून दिला, कारण तसे करायचे तर चालू पॉलिसीचे भरलेले दिवस वाया जातात. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर प्रत्येक मुदतीच्या पंधरा दिवस आधी गाडीचे नाव लिहिलेले असते. विमा नसताना पकडले गेल्यास पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार दंड आहे, आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. अपघात झाल्यास भरपाईचा बोजा तर घरादारावर येतो.

अखेरचा हिशेब करासह असा झाला : स्प्लेंडर १,२२६, पत्नीच्या अपघात संरक्षणासह व पन्नास टक्के एनसीबीनंतर ॲक्टिव्हा १,५१५, झिरो डेपसह बुलेट २,२४२, पल्सर ५४४ आणि माझी स्वतंत्र अपघात पॉलिसी ४१३. एकूण ५,९४० रुपये. स्प्लेंडर सोडून बाकी पॉलिसी मी त्याच एजंटाकडून घेतल्या, कारण दाव्याच्या वेळी धावून येणारा ओळखीचा माणूस मला ऑनलाइन वाचणाऱ्या शेदोनशे रुपयांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २०२५ मध्ये पल्सरची पाच वर्षांची थर्ड पार्टी मुदत संपणार होती. तेव्हापासून तिच्यासाठी ७१४ आणि त्यावरील कर यांची वार्षिक भर पडणार होती, आणि ती रक्कम मी वहीत पुढील वर्षाच्या पानावर तेव्हाच लिहून ठेवली.